बूथ मेला कुठे, पुरला कुठे? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात अब्राहम लिंकन यांच्या शेवटच्या दिवसावर लेख होता. त्यात १४ एप्रिल १८६५ ला नाट्यगृहात गोळी झाडून पळालेला मारेकरी जॉन विल्क्स बूथ याच्यावर जेमतेम दोन परिच्छेद खर्ची पडले होते. आलेली पत्रं मात्र बहुतेक त्या दोन परिच्छेदांवरच आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न (सांगली) : लेखात लिहिलंय की बूथ २६ एप्रिल १८६५ ला गोळी लागून मेला. पण यूट्यूबवर पाहिलं, की शिपायांनी घेरलेल्या शेतावरच्या कोठीत मेला तो दुसराच कुणी होता आणि खरा बूथ पुढे कित्येक वर्षं जगला. खरं काय धरायचं?

उत्तर : कोठीत मेला तो बूथच. हे केवळ सरकार म्हणतं म्हणून नव्हे, मृतदेहाच्या ओळखीची कागदपत्रं आहेत म्हणून.

प्रेत घोड्याच्या पांघरुणात शिवून गाडीतून पोटोमॅक नदीवर आणलं, तिथून आगबोटीने वॉशिंग्टनच्या नौदल गोदीत, आणि २७ एप्रिलला ‘मॉन्टॉक’ या युद्धनौकेवर तपासणी झाली. त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, डाव्या हातावर गोंदलेली ‘जे. डब्ल्यू. बी.’ ही अक्षरं. बूथ ज्या नॅशनल हॉटेलात उतरायचा, तिथल्या कारकुनाने ती ओळखली. रजिस्टरवर सही करताना तो हात त्याने अनेकदा पाहिलेला होता.

दुसरी, मानेवरचा व्रण. डॉ. जॉन फ्रेडरिक मे यांनी काही काळापूर्वी बूथच्या मानेवरची गाठ काढली होती. शस्त्रक्रियेनंतर मान जपायला सांगितलं होतं, पण रंगमंचावर एका नटीने मिठी मारली आणि टाके उसवले. जखम कडेने न जुळता तळापासून मांस भरत बरी झाली, त्यामुळे व्रण सुरीच्या सरळ रेघेसारखा न राहता भाजल्यासारखा पसरट झाला. मे नौकेवर आले, चेहरा पाहिला आणि म्हणाले, साम्य दिसत नाही. पळताना बारा दिवस अर्धपोटी, उन्हापावसात काढलेला, मिशी उतरवलेला तो चेहरा होता, त्यामुळे हे साहजिकच. संशयवादी मंडळी मे यांचं नेमकं एवढंच वाक्य उचलतात. पुढचं असं आहे, की मे यांनी मानेकडे न बघता आधी व्रणाचं वर्णन सांगितलं, मग मान दाखवण्यात आली, आणि व्रण सांगितल्याबरहुकूम निघाला. ओळख पटवण्याची ही पद्धत आजच्या पोलिसांनीही घ्यावी इतकी चोख आहे.

तिसरी गोष्ट पाय. सर्जन जनरल जोसेफ बार्न्स यांच्या अहवालात डाव्या पायाला खपाच्या बांधल्याची आणि त्याखाली फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचं बारीक हाड, घोट्याच्या सांध्यापासून तीन इंच वर मोडल्याची नोंद आहे. त्याच पायावर बारा दिवसांपूर्वी डॉ. सॅम्युअल मड यांनी उपचार केले होते. त्यांच्या जबाबात मोडलेली जागा घोट्यापासून दोनेक इंचांवर आहे. एकाने अंदाजाने, दुसऱ्याने शवविच्छेदनाच्या टेबलावर मोजलं, तेव्हा एवढा फरक चालायचाच.

याशिवाय प्रेतावर सापडलेली डायरी त्याच्याच हस्ताक्षरात आहे, आणि कोठीतून जिवंत बाहेर आलेला साथीदार डेव्हिड हेरल्ड त्याच्याबरोबर पहिल्या रात्रीपासून होता.

प्रश्न (नाशिक) : इतका पुरावा होता, तर अफवा उठल्याच कशा?

उत्तर : सरकारच्या लपवाछपवीने. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना भीती होती की कबरीचं देवस्थान होईल. म्हणून प्रेताचं छायाचित्र प्रसिद्ध केलं नाही, कुटुंबाला बोलावलं नाही, आणि प्रेत नदीत बुडवल्याची हूल उठू दिली. एका सचित्र साप्ताहिकाने तर होडीतून प्रेत पाण्यात सोडतानाचं चित्रही छापलं. प्रत्यक्षात प्रेत बंदुकांच्या लाकडी पेटीत घालून वॉशिंग्टनच्या शस्त्रागारातल्या जुन्या तुरुंगात, एका खोलीच्या जमिनीखाली पुरलं होतं. १८६७ मध्ये ते आवारातल्याच एका गोदामाखाली हलवलं. फेब्रुवारी १८६९ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ते कुटुंबाच्या ताब्यात दिलं. बाल्टिमोरमध्ये अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्या वीव्हर यांच्याकडे घरच्यांनी पुन्हा ओळख पटवली, आणि त्यात दातांत भरलेलं सोनं कामी आलं. जून १८६९ मध्ये ग्रीन माउंट दफनभूमीत बूथ घराण्याच्या जागेत दफन झालं. त्याच्या नावाचा स्वतंत्र दगड नाही. घराण्याच्या स्मारकस्तंभावर भावंडांच्या यादीत नाव तेवढं आहे. जवळच्या एका बिननावाच्या छोट्या दगडावर लोक लिंकनचं चित्र असलेली एक सेंटची नाणी ठेवून जातात. तो दगड त्याच्याच कबरीवर आहे असं धरून चालू नये.

प्रश्न (अकोला) : ममीचं काय? जत्रेत बूथची ममी दाखवत असत म्हणे.

उत्तर : दाखवत असत, हे खरं. १३ जानेवारी १९०३ ला ओक्लाहोमातल्या एनिड गावी हॉटेलच्या खोलीत डेव्हिड ई. जॉर्ज नावाचा रंगारी विष घेऊन मेला. मरण्याआधी त्याने आपण बूथ असल्याचं काहींना सांगितलं होतं. मेम्फिसचे वकील फिनिस बेट्स तिथे पोहोचले आणि म्हणाले, हाच माणूस १८७० च्या दशकात टेक्सासमध्ये जॉन सेंट हेलन या नावाने मला भेटला होता आणि त्याने मला कबुली दिली होती. बेट्स यांनी १९०७ मध्ये त्यावर पुस्तक काढलं.

प्रेतावर कुणी हक्क सांगेना, म्हणून एनिडच्या अंत्यसंस्कार करणाऱ्याने ते आर्सेनिक भरून टिकवलं. त्या काळी प्रेत टिकवण्याच्या द्रवात आर्सेनिक सर्रास असे. त्याने जिवाणू मरतात, कोरड्या हवेत कातडी ताठते आणि सुकते, मग प्रेत वर्षानुवर्षं राहतं. दुकानात खुर्चीवर बसवलेलं हे प्रेत पुढे बेट्स यांच्याकडे गेलं आणि नंतर जत्रेवाल्यांकडे. १९३१ मध्ये शिकागोत काही डॉक्टरांनी क्ष-किरण काढून पायाचा आणि मानेचा दुजोरा दिल्याचं जाहीर केलं. पण तपासणी ममीच्या मालकाच्या सोयीने झालेली, आणि ताडून बघायला बूथचं एकही क्ष-किरण चित्र असणं शक्य नव्हतं, कारण क्ष-किरणांचा शोधच १८९५ चा. १९७० च्या दशकानंतर ममी कुठे गेली ते कळलेलं नाही. बूथच्या ठावठिकाण्याचं म्हणून जे गूढ सांगतात ते खरं तर या बिचाऱ्या रंगाऱ्याच्या प्रेताचं आहे.

प्रश्न (ठाणे) : मग कबर उघडून डीएनए चाचणी करून एकदाचा सोक्षमोक्ष का लावत नाहीत?

उत्तर : प्रयत्न झाला. १९९४ मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयात अर्ज आला, १९९५ मध्ये न्यायाधीश जोसेफ कॅप्लन यांनी तो फेटाळला, १९९६ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. कारणं वाचण्यासारखी आहेत. शवपेटीची नेमकी जागा सांगता येत नाही. जमिनीत पाणी मुरल्याने अवशेष खराब झालेले असणार. त्याच पेटीवर लहानपणी वारलेल्या तीन भावंडांचे अवशेष ठेवलेले असण्याची शक्यता आहे, म्हणजे एकाला काढताना तिघांना धक्का. शिवाय हाडं किमान सहा आठवडे बाहेर ठेवावी लागली असती आणि तरी निष्कर्ष निघेलच अशी खात्री नाही. ज्या पळाल्याच्या कथेसाठी हे सगळं करायचं ती कथा न्यायालयाला विश्वासार्ह वाटली नाही.

कबर न उघडता दुसरा मार्ग आहे. शवविच्छेदनात काढलेले मानेचे तीन मणके, तिसरा, चौथा आणि पाचवा, मेरिलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या आरोग्य व वैद्यक संग्रहालयात आहेत. थोरला भाऊ एडविन मॅसॅच्युसेट्सच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत आहे. दोघे सख्खे भाऊ, म्हणजे आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए आणि बापाकडून येणारं वाय गुणसूत्र दोन्ही जुळायला हवीत. तुलनेसाठी यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही. अडचण अशी की हाडातून नमुना घ्यायचा म्हणजे भोक पाडून भुकटी करावी लागते. मणके लहान आणि जुने, वर दीडशे वर्षांत किती हातांनी हाताळले त्याचा हिशेब नाही, म्हणून परक्या डीएनएची भेसळ. संग्रहालयाने नमुन्याची नासधूस नको म्हणून परवानगी नाकारली. आमच्या मते योग्यच केलं, कारण निकाल काहीही आला तरी यूट्यूबवाले मणक्यांवरच शंका घेतील.

प्रश्न (बार्शी) : हा बूथ मुळात होता कोण? कुणी भाडोत्री गुंड?

उत्तर : छे. नावाजलेला नट, देखणा, ज्याची छायाचित्रं बाजारात विकली जात. जन्म १० मे १८३८, मेरिलँडमधल्या बेल एअरजवळ, दहा भावंडांत नववा. वडील ज्युनियस ब्रूटस बूथ हे इंग्लंडहून आलेले शेक्सपिअरचे मोठे नट. थोरला भाऊ एडविन त्या काळचा अमेरिकेतला सर्वश्रेष्ठ हॅम्लेट. २५ नोव्हेंबर १८६४ ला न्यूयॉर्कमध्ये तिघा भावांनी ‘ज्युलियस सीझर’ एकत्र केलं. त्यात हा मार्क अँटनी होता, ब्रूटस नव्हे.

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात तो दक्षिणेचा आणि गुलामगिरीचा कट्टर पाठीराखा, घर मात्र उत्तरेच्या बाजूचं. आधी लिंकन यांचं अपहरण करून बदल्यात दक्षिणेचे युद्धकैदी सोडवायचे असा बेत होता. १७ मार्च १८६५ ला ते एका इस्पितळातल्या नाटकाला जाणार या खबरीवर टोळी रस्त्यात दबा धरून बसली, लिंकन गेलेच नाहीत. ९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला आणि अपहरणाला अर्थ उरला नाही. ११ एप्रिलला लिंकन यांनी भाषणात काही कृष्णवर्णीयांना मताधिकार देण्याचं सूतोवाच केलं. बूथ गर्दीत उभा होता, आणि हे त्यांचं शेवटचं भाषण असेल असं तो सोबत्याला म्हणाला.

प्रश्न (पुणे) : एवढ्या गर्दीच्या नाट्यगृहात अध्यक्षांपर्यंत पोहोचला कसा? पहारेकरी काय करत होता?

उत्तर : जॉन पार्कर नावाचा पोलीस नेमला होता, तो जागेवर नव्हता. बॉक्सबाहेर लिंकन यांचा नोकर चार्ल्स फोर्ब्ज बसला होता, त्याला बूथने एक कार्ड दाखवलं. नावाजलेल्या नटाला त्याच्याच ओळखीच्या नाट्यगृहात कोण अडवणार? त्याची टपालं फोर्ड्स थिएटरच्या पत्त्यावर येत. लिंकन येणार हेही त्याला १४ तारखेला दुपारी टपाल घ्यायला गेला तेव्हाच कळलं. आत शिरल्यावर त्याने बाहेरच्या दाराला मागून लाकडी दांडी लावली, भिंतीच्या गिलाव्यात तिच्यासाठी खाच आधीच कोरलेली होती. नाटक पाठ असल्यामुळे रंगमंचावर एकच पात्र उरतं आणि हमखास हशा पिकतो ते वाक्य त्याने निवडलं. वेळ साधारण सव्वादहा.

पिस्तूल डेरिंजर, तळहाताएवढं, लांबी सहा इंचांच्या आत, एकाच बाराचं. दुसरा बार भरायचा तर नळीतून दारू, गोळी, गज, टोपी हा सगळा खटाटोप पुन्हा. म्हणून दुसऱ्या हातात सुरा होता, जो बॉक्समध्ये लिंकन यांच्यासोबत बसलेल्या मेजर रॅथबोनच्या दंडात घुसला. सहा बारांचं रिव्हॉल्व्हर का घेतलं नाही, हा प्रश्न अनेकांनी विचारलाय. लपवायला सोपं, हेच उत्तर पटतं.

प्रश्न (रत्नागिरी) : उडी मारताना पाय मोडला की घोडा पडला म्हणून? दोन्ही वाचायला मिळतं.

उत्तर : बॉक्सपासून रंगमंच साधारण साडेतीन मीटर खाली. उडी मारताना टाच बॉक्सला लावलेल्या निशाणात अडकली आणि तो वेडावाकडा पडला. डायरीत तो स्वतः उडीतच मोडल्याचं लिहितो. उलट डॉ. मड यांना बूथ आणि हेरल्ड यांनी घोडा पडल्याचं सांगितलं, आणि काही इतिहासकार तेच मानतात, कारण रंगमंचावरून तो पळत गेला. पण फिब्युलावर शरीराचा भार फार थोडा येतो, मुख्य भार नडगी पेलते. नुसता फिब्युला मोडलेला माणूस जोशात पन्नास-साठ फूट पळू शकतो, घोड्यावर बसू शकतो, पाय सुजला की मग जागचा हलत नाही. बूथचं तेच झालं. आमचा कल उडीकडे आहे.

प्रश्न (जळगाव) : हजारो शिपाई मागावर, तरी बारा दिवस कसा निसटला? आणि शेवटी कशाने सापडला?

उत्तर : पहिली चूक पुलावर झाली. नेव्ही यार्डचा पूल रात्री नऊनंतर बंद असे. सार्जंट सायलस कॉब याने हटकलं तेव्हा बूथने खरं नाव सांगितलं, चंद्र उगवायची वाट बघत थांबलो होतो म्हणाला, आणि कॉबने सोडलं. युद्ध संपत आलं होतं, नियम ढिले झाले होते. मागोमाग हेरल्ड खोटं नाव सांगून पार झाला. मध्यरात्रीच्या सुमारास सरॅटव्हिलच्या खानावळीत ठेवलेल्या दोन कार्बाइन बंदुकांपैकी एकच उचलली, पायामुळे बूथला दुसरी पेलवेना. दुर्बीण आणि व्हिस्की घेतली. पहाटे चारला डॉ. मड यांचं घर.

मड यांनी बूट कापून काढला, पुठ्ठ्याच्या डब्याची खपाची करून बांधली, कुबड्या करवून दिल्या. फी पंचवीस डॉलर. कापलेला बूट तिथेच राहिला. २१ एप्रिलला शिपायांच्या हाती लागला तेव्हा आत ‘जे. विल्क्स’ लिहिलेलं होतं, आणि आपण पेशंटला ओळखलं नाही हे डॉक्टरांचं म्हणणं लंगडं पडलं. लष्करी न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली, १८६९ मध्ये माफी मिळाली.

सोळा तारखेच्या पहाटेपासून वीसच्या संध्याकाळपर्यंत दोघं पाइनच्या गर्द रानात पडून होते. थॉमस जोन्स नावाचा माणूस रोज अन्न आणि वर्तमानपत्रं पोचवत होता. युद्धाच्या काळात दक्षिणेचं टपाल चोरून नदीपार करणं हाच त्याचा धंदा. सरकारने बूथवर पन्नास हजार डॉलर, हेरल्ड आणि कटातला आणखी एक साथीदार जॉन सरॅट यांच्यावर पंचवीस-पंचवीस हजार बक्षीस लावलं, तरी त्याने तोंड उघडलं नाही. घोडे खिंकाळून पत्ता देतील म्हणून ते मारून टाकण्यात आले. बूथला रान खुपलं नाही, खुपली ती वर्तमानपत्रं. आपण वीर ठरू अशी कल्पना होती, आणि दक्षिणेची पत्रंसुद्धा त्याला भेकड म्हणत होती.

वीसच्या रात्री जोन्सने त्यांना बारा फुटी सपाट तळाच्या होडीत बसवलं. होडीचे अठरा डॉलर घेतले, म्हणजे त्याला पडली तीच किंमत. बूथकडे होकायंत्र होतं, मेणबत्तीच्या उजेडात दिशा बघत जायचं होतं. पण नदीला भरती होती आणि समोर सरकारी गनबोट. पोटोमॅक या भागात कित्येक किलोमीटर रुंद आहे, भरतीचं पाणी वर चढतं आणि होडी सरळ वल्हवली तरी तिरपी ढकलली जाते. रात्रभर वल्ही मारून ते पुन्हा मेरिलँडच्याच काठाला, नॅन्जेमॉय खाडीत लागले. बावीसच्या रात्री दुसरा प्रयत्न, आणि तेवीसला व्हर्जिनिया. दोन मौल्यवान दिवस भरतीने खाल्ले.

व्हर्जिनियात त्याला वाटलं होतं दारं उघडतील. डॉ. रिचर्ड स्टुअर्ट यांनी जेवू घातलं आणि वाटेला लावलं. विल्यम लुकस या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याला सुरा दाखवून त्याच्याच झोपडीतून बाहेर काढून दोघांनी ती रात्र काढली. ज्यांच्या मताधिकाराच्या रागाने बंदूक उचलली, त्यांच्याच छपराखाली. दुसऱ्या दिवशी रॅपाहॅनॉक नदीच्या धक्क्यावर दक्षिणेचे तीन सैनिक भेटले. त्यांतल्या विली जेटने बूथला ‘बॉइड’ या नावाने गॅरेट यांच्या शेतावर ठेवलं.

तपास गंमतशीर आहे. सोळा तारखेला दोन माणसं नदीपार गेल्याची खबर आली होती. ती माणसं वेगळीच होती. पण खबरीवरून सोळाव्या न्यूयॉर्क घोडदळाचे सव्वीस शिपाई लेफ्टनंट डोहर्टी यांच्या हाताखाली, दोन गुप्तहेरांसह, बरोबर त्याच भागात उतरले. धक्क्यावरच्या कोळ्याच्या बायकोने सांगितलं की जेटचं बोलिंग ग्रीनच्या हॉटेलमालकाच्या मुलीकडे येणंजाणं आहे. मध्यरात्री जेटला तिथूनच उचललं आणि त्याने गॅरेटचं शेत दाखवलं. घोडदळ संध्याकाळी त्याच शेतावरून पुढे गेलेलं होतं. गॅरेटच्या मुलांना पाहुण्यांचा संशय आला होता, घोडे चोरतील म्हणून त्यांना तंबाखूच्या कोठीत झोपवून बाहेरून कडी घातलेली. म्हणजे शिपाई येण्याआधीच सापळा लागला होता.

हेरल्ड शरण आला. कोठीला आग लावली. सार्जंट बॉस्टन कॉर्बेटने फटीतून गोळी घातली, ती मानेतून गेली, मज्जारज्जू तुटला आणि सारं शरीर जागच्या जागी लुळं पडलं. शुद्ध मात्र होती. ओसरीवर काढून ठेवलेला बूथ सकाळी सातच्या सुमारास मेला.

प्रश्न (सातारा) : डायरीची फाटलेली पानं कुणी गायब केली?

उत्तर : डायरी म्हणजे १८६४ ची खिशातली तारीखवही, जुनी. आधीची पानं तो चिठ्ठ्यांसाठी फाडत असे. डॉ. स्टुअर्टना त्याने उपरोधाची चिठ्ठी धाडली, तीही याच वहीच्या पानावर. जेवणाचे पैसे म्हणून आधी पाच डॉलर लिहिले, मग पुनर्विचार करून अडीच डॉलरची नवी चिठ्ठी लिहिली. जीव वाचवायची मारामार चाललेली असताना अपमानाचा असा हिशेब! संशयाला जागा यामुळे मिळाली, की स्टँटन यांनी डायरी १८६५ च्या खटल्यात पुढे आणलीच नाही, ती १८६७ मध्ये उजेडात आली. १९७७ मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेने तपासली, अदृश्य शाईचं किंवा गुप्त मजकुराचं काही सापडलं नाही.

प्रश्न (लातूर) : गोळी झाडणाऱ्या कॉर्बेटला बक्षीस मिळालं का?

उत्तर : इतर शिपायांइतकंच, १,६५३ डॉलर ८४ सेंट. हा मूळचा लंडनचा, धंद्याने टोपीवाला. फेल्ट टोपीच्या कामात पारा लागतो आणि त्याने डोक्यावर परिणाम होतो, तसं याचं झालं असावं. १८५८ मध्ये मोहापासून सुटका म्हणून त्याने कात्रीने स्वतःला खच्ची करून घेतलं होतं. पुढे कॅन्ससच्या विधानसभेत दरवान असताना १८८७ मध्ये रिव्हॉल्व्हर रोखलं, वेड्यांच्या इस्पितळात गेला, १८८८ मध्ये घोड्यावरून पळाला. मेक्सिकोला जातो म्हणाला आणि त्यानंतर काही मागमूस नाही. ज्याचा ठावठिकाणा खरोखर लागला नाही तो हा.

प्रश्न (नागपूर) : इतर अमेरिकी अध्यक्षांच्या मारेकऱ्यांची प्रेतं कुठे आहेत?

उत्तर : गारफील्ड यांचा मारेकरी गिटो ३० जून १८८२ ला फाशी गेला, त्याची हाडं बूथचे मणके आहेत त्याच संग्रहालयात. मॅकिन्लींचा मारेकरी चोल्गोश २९ ऑक्टोबर १९०१ ला विजेच्या खुर्चीवर गेला. ऑबर्न तुरुंगाच्या आवारात पुरताना प्रेतावर आम्ल ओतलं. केनेडींचा मारेकरी ऑस्वाल्ड टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला. त्याच्या जागी रशियाचा तोतया पुरलाय अशी हूल होती, म्हणून ४ ऑक्टोबर १९८१ ला कबर खरंच उघडली. दातांच्या जुन्या नोंदी जुळल्या, तो ऑस्वाल्डच निघाला. तिथे पेटीची जागा ठाऊक होती आणि ताडून बघायला लष्कराची कागदपत्रं होती. बूथच्या बाबतीत यातलं पहिलंच नाही.

प्रश्न (मुंबई) : या हत्येमुळे मुंबईचा शेअरबाजार कोसळला असं आजोबा सांगत. खरं का?

उत्तर : हत्येमुळे नाही, युद्ध संपल्यामुळे. दक्षिणेचा कापूस अडकल्याने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या पैशावर बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांचे शेअर फुगले. ली शरण आल्याची बातमी आली आणि कापूस घसरला. १ जुलै १८६५ ही वायद्याचे सौदे फेडायची तारीख होती, त्या दिवशी प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे लोकही बुडाले. एप्रिलमधल्या दोन्ही बातम्या पाठोपाठच्या, म्हणून घरोघरच्या आठवणीत एक झाल्या असाव्यात. या युद्धाचा दुसरा धागा महात्मा फुले यांचा. १८७३ चं ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : मुलांना घेऊन वॉशिंग्टनला जातोय. बूथचा माग गाडीने एका दिवसात होईल का?

उत्तर : होईल, सकाळी लवकर निघालात तर. दहाव्या रस्त्यावरचं फोर्ड्स थिएटर आदल्या दिवशीच करून टाका. वेळ ठरवून दिलेलं तिकीट लागतं, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. डेरिंजर आणि डायरी तळघरातल्या संग्रहालयात. लिंकन १५ एप्रिलला सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी वारले ते पीटरसन यांचं घर समोरच. दुसऱ्या दिवशी क्लिंटनमधलं सरॅट यांचं घर, साधारण वीस किलोमीटर, मग वॉल्डॉर्फजवळचं डॉ. मड यांचं घर. दोन्ही संग्रहालयं आठवड्यातले मोजकेच दिवस उघडतात, आणि मड यांचं घर हिवाळ्यात बंद असतं, म्हणून निघण्यापूर्वी वेळा तपासा. ३०१ क्रमांकाच्या रस्त्याने पोटोमॅकचा टोलपूल ओलांडताना मुलांना नदीचा पट दाखवा, होडी का भरकटली ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं. पोर्ट रॉयलपुढे त्याच रस्त्याच्या दोन मार्गिकांमधल्या झाडीत गॅरेटचं घर होतं. घर, कोठी काही उरलेलं नाही, रस्त्यालगत एक फलक आहे. आजूबाजूला लष्कराची हद्द आहे आणि वाहनं सुसाट असतात, मुलांना घेऊन झाडीत शिरू नका. बाल्टिमोरची दफनभूमी उलट दिशेला, ती परतीच्या वाटेवर ठेवा. फाटक किती वाजता बंद होतं ते आधी फोन करून विचारा.